वजन उतरलं की उतरवलं? बारीक होण्याचे आणि सवयी मोडण्याचे शब्द

प्रश्न

रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांसाठी वजन व खाण्याच्या सवयींबद्दल एक दोन पानी पत्रक मराठीत तयार होत आहे. कच्च्या मसुद्यात ‘वजन घट’, ‘चरबी वितळवा’, ‘सवयींमध्ये परिवर्तन आणा’, ‘खंडित उपवास’, ‘साखर कमी करा’ असे शब्द आले आहेत. हे पत्रक तालुक्याच्या दवाखान्यात, बाकावर नंबर येईपर्यंत वाचलं जाणार. तिथल्या माणसाच्या तोंडचे शब्द कोणते? आणि कोणत्या शब्दाचा भलताच अर्थ निघू शकतो?

प्रतिसाद १

‘वजन घट’ आधी काढा. बोलताना हा शब्द कुणीही वापरत नाही. ‘घटणे’ बातमीत चालतं: उत्पादन घटलं, पाणीसाठा घटला. माणसाचं वजन कमी होतं, उतरतं, किंवा तो ते कमी करतो, उतरवतो. मराठीत सगळी गंमत क्रियापदात आहे. ‘वजन उतरवलं’ म्हटलं की कर्ता माणूस असतो, त्याने ठरवून केलेलं असतं. ‘वजन उतरलं’ म्हटलं की ते आपोआप झालेलं असतं, आणि ऐकणारा लगेच विचारतो, “का हो, बरं नाही का?”

आपोआप होण्याचे शब्द मराठीत ढीगभर आहेत आणि बहुतेक काळजीचे आहेत. वाळणे, सुकणे, रोडावणे, हडकणे, झडणे, खंगणे. यांच्यात पायऱ्या आहेत. माहेरी आलेल्या मुलीला “किती सुकलीस गं” म्हणतात ते मायेने, तिथे आजार अभिप्रेत नसतो. ‘वाळला’ म्हणजे अंगावरचं मांस नजरेत भरण्याइतकं कमी झालं. ‘रोडावला’ हे मूळच्या ‘रोड’ म्हणजे कृश या विशेषणावरून. आता ते शाळेची पटसंख्या नाहीतर गर्दी रोडावली अशा बातम्यांत जास्त दिसतं, माणसाबद्दल कमी. ‘खंगला’ ही शेवटची पायरी. दीर्घ आजार किंवा मनाला लागलेला घोर असेल तरच खंगणे म्हणतात. चार महिने व्यायाम करून कुणी खंगत नाही.

स्वतःहून करण्याच्या बाजूला मात्र शब्द मोजकेच: वजन कमी करणे, वजन उतरवणे, बारीक होणे. ‘बारीक’ हा फारसीतून आलेला, ‘वजन’ अरबीतून, ‘चरबी’ पुन्हा फारसीतून. रोजच्या बोलण्यात हेच टिकलेत, त्यामुळे पत्रकात ‘कृश’ आणि ‘स्थूल’ची भर घालू नये.

प्रतिसाद २

वरचा उतरणे-उतरवणे हा भेद दवाखान्यात फार कामाचा आहे. काही न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर डॉक्टर तपासण्या करतात. ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो. साखर फार वाढलेली असणं, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग यांपैकी काहीही मागे असू शकतं. म्हणून पत्रकात एक ओळ हवीच: “तुम्ही प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर आनंद मानू नका, डॉक्टरांना सांगा.” इथे ‘कमी होत असेल’पेक्षा ‘उतरत असेल’ पटकन कळतं.

उलट दिशेचा गोंधळ ‘तब्येत’ या शब्दात आहे. “लग्नानंतर तब्येत सुधारली” म्हणजे अंगाने भरला, वजन वाढलं. म्हणून “वजन कमी केल्यास तब्येत सुधारेल” हे वाक्य निम्म्या वाचकांना उलटसुलट वाटेल. त्याऐवजी काय सुधारेल तेच लिहा: गुडघ्यांवरचा भार कमी होईल, जिना चढताना धाप कमी लागेल, रक्तदाब आटोक्यात राहील.

आता ‘साखर’. “साखर कमी करा” म्हणजे चहातली की रक्तातली? रुग्ण चहातली असं समजतात, साखर सोडतात आणि गूळ धरतात. १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० उष्मांक, गुळात साधारण ३८०. रक्ताला यात फारसा फरक पडत नाही. म्हणून एकीकडे ‘रक्तातली साखर’ असं पूर्ण लिहा, आणि दुसरीकडे ‘साखर, गूळ, मध, काकवी’ अशी नावं घ्या. ‘गोड’ असा मोघम शब्दही नको. ‘गोड सोडलं’ म्हणणारा माणूस पेढे-जिलबी सोडतो, चहाबरोबरची बिस्किटं त्याच्या हिशेबात गोडात येत नाहीत.

आणि हेच ‘उतरणे’ वजनाला चांगलं असलं तरी साखरेला जपून वापरावं. ‘साखर उतरली’ हे लोक दोन्ही अर्थांनी म्हणतात: औषधाने आटोक्यात आली, किंवा एकदम खाली जाऊन घाम फुटला, हातपाय थरथरले. १०० मिलिलिटर रक्तामागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती दुसरी अवस्था. पत्रकात पहिल्यासाठी ‘आटोक्यात आली’ आणि दुसऱ्यासाठी ‘एकदम खाली गेली’ असं वेगळं ठेवा.

प्रतिसाद ३

‘चरबी वितळवा’ ही जाहिरातीची भाषा आहे आणि माहिती म्हणूनही चूक आहे. चरबी म्हणजे कढईतलं तूप नव्हे की उष्णतेने वितळेल. पोटाला पट्टा बांधून घाम काढला की पाणी जातं, आणि दोन तांबे पाणी प्यायलं की काटा होता तिथे येतो. शरीर चरबीचं विघटन करून ती इंधन म्हणून वापरतं. १० किलो चरबी खर्ची पडते तेव्हा साधारण ८.४ किलो कर्बवायू होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. त्यामुळे ‘चरबी जाळणे’ हे भाषांतरित वाटलं तरी रसायनाच्या दृष्टीने ‘वितळवणे’पेक्षा बरोबर आहे. माझी पसंती मात्र ‘चरबी झडणे’ला. पानं झडतात तशी हळूहळू, न जाणवता, हा अर्थ त्यात आपसूक येतो.

‘चरबी’ वापरताना आणखी एक भान ठेवा. “अंगात चरबी आलीय” याचा अर्थ माज आलाय. “तुमच्या अंगात चरबी वाढली आहे” हे छापून आलं तर बाकावरच्या माणसाला ते लागेल. ‘पोटावरची चरबी’ किंवा ‘कमरेचा घेर’ म्हणा, त्यात ठपका नाही. ‘पोट सुटणे’ बोलायला ठीक आहे, पण समोरच्याला लिहून द्यायला नको.

‘फिट राहा’ हेही टाळा. फिट येणे म्हणजे आकडी, आणि कपडे फिट होणे म्हणजे घट्ट होणे. बाकावर बसलेल्या आजीला हे दोन अर्थ आधी आठवतील.

प्रतिसाद ४

‘इंटरमिटंट फास्टिंग’चं, म्हणजे ठरावीक काळ न खाता राहण्याच्या पद्धतीचं, ‘खंडित उपवास’ हे भाषांतर वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे खंडित म्हणजे मोडलेला. मूर्ती खंडित होते, व्रत खंडित होतं. ‘खंडित उपवास’ म्हणजे मधेच चहा-बिस्किट खाल्लेला उपास असाच अर्थ कुणीही घेईल.

खरं तर यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रकाराला चातुर्मासात नाव आहे. दिवसातून एकदाच जेवायचं ते एकभुक्त. दिवसभर न खाता रात्रीच जेवायचं ते नक्त. एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण, आलटून पालटून, ते धारणंपारणं. धान्य भाजून खायचं ते धान्यफराळ. ही नावं आजही घराघरांतल्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. शिवाय या नेमांना आरंभ आणि शेवट ठरलेला असतो: आषाढ शुद्ध एकादशीला धरायचा, कार्तिक शुद्ध एकादशीला सोडायचा. कांदा-लसूण बंद होणार म्हणून आदल्या नवमीला, कांदेनवमीला, भजी आणि झुणका पोटभर. वांगं काही घरांत थेट चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्यापर्यंत वर्ज्य. ‘आजपासून अमुक तारखेपर्यंत अमुक नाही’ ही रचना वाचकाच्या हाडीमांसी खिळलेली आहे. ‘यापुढे कधीच नाही’पेक्षा ती कितीतरी पेलण्याजोगी.

‘लंघन’बद्दलही लिहायला हवं. हल्ली लंघन म्हणजे उपाशी राहणं एवढंच उरलंय. चरकसंहितेत मात्र देहाला हलकेपणा आणणारं जे जे काही, ते सारं लंघन. त्याचे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत उपवास एक आणि व्यायाम दुसरा. म्हणजे चालायला जाणाराही लंघनच करत असतो. फार सुंदर व्याप्ती होती या शब्दाची.

फक्त, उपास म्हणजे कमी खाणं असं समीकरण पत्रकात येऊ देऊ नका. कोरड्या साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० उष्मांक असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमही नसतात. ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम दाण्याचं कूट आणि पोह्याचा चमचाभर तूप धरलं तर खिचडीची एक बशी साडेचारशेच्या घरात जाते. चार फुलके मावतील तेवढे उष्मांक. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आली नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

हे सगळं मान्य, पण धारणंपारणं नि एकभुक्त ही नावं पत्रकात आली की कुणी तरी उद्यापासून सुरू करेल. इन्शुलिन घेणाऱ्याने आणि मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने नेहमीचा डोस घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम खाली जाते. म्हणून ही नावं एकाच ओळीत आणा: “एकभुक्त, धारणंपारणं, कडक उपास यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका.” महाराष्ट्रात दोन वेळा जेवून प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत पुष्कळ लोक पाळतात, आणि “मी दीक्षित करतोय” असं सरळ म्हणतात. आडनावाचं क्रियापद झालं आहे. डॉक्टरने “उपास करता का” विचारलं तर ही माणसं “नाही” म्हणतात. “दिवसातून किती वेळा खाता” असं विचारलं तरच खरं उत्तर मिळतं.

प्रतिसाद ५

सवयीकडे वळू. ‘सवयींमध्ये परिवर्तन आणा’ नको. मराठीत सवय लागते, लावतात, जडते, मोडते, मोडतात, सुटते, सोडतात. ‘सवय बदला’ चालेल, पण ते पोकळ आहे, कारण त्यात काय करायचं ते कळत नाही. एक मोडायची आणि तिच्या जागी एक लावायची, असं दोन क्रियापदांत सांगा: “चहाबरोबर फरसाण खायची सवय मोडा, मूठभर भाजके चणे खायची लावून घ्या.”

‘खोड’ टाळा. खोड ही वाईटच असते आणि “खोड मोडणे” म्हणजे अद्दल घडवणे.

‘संकल्प सोडणे’चा घोळही नीट समजून घ्या. हातावर पाणी घेऊन ते ताम्हनात सोडत संकल्प करतात, म्हणून ‘संकल्प सोडला’ म्हणजे केला. आणि ‘पाणी सोडलं’ म्हणजे हक्क किंवा आशा सोडून दिली. एकाच कृतीतून निघालेले दोन उलटे अर्थ. आजच्या तरुण वाचकाला ‘संकल्प सोडला’ म्हणजे अर्धवट टाकला असंच वाटतं. पत्रकात ‘ठरवा’ पुरेसं आहे.

सगळ्यात मोलाची जोडी ‘खाडा’ आणि ‘खंड’ ही आहे. एक दिवस चुकला तो खाडा. ओळीने सुटत गेलं आणि क्रमच तुटला तो खंड. दूधवाल्याच्या हिशेबात, कामाच्या हजेरीत खाडा मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी काम चालू असतंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ ते २५४ दिवस लागले, मधला आकडा ६६. तेव्हा २१ दिवसांत सवय लागते हे लिहू नका. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. आपल्या शब्दांत: खाडा चालतो, खंड नको. ज्यांचं डाएट ‘मोडतं’ ती माणसं बहुधा पहिल्याच खाड्याला खंड समजून सगळं टाकून देतात.

प्रतिसाद ६

मापांचे शब्द राहिले. “दिवसाला तीन चमचे तेल” लिहिलं असेल तर ते धोक्याचं आहे. चहाचा चमचा ५ मिलिलिटर, पोह्याचा चमचा १५. तीन चहाचे म्हणजे १५, तीन पोह्याचे म्हणजे ४५. फरक ३० मिलिलिटर, रोजचे अडीचशे उष्मांक. ‘तीन चहाचे चमचे’ असंच छापा. शिवाय हे माणशी आहे हेही लिहा, नाहीतर चौघांच्या आमटीला तेवढंच तेल असा अर्थ होतो.

भाकरी कमी करायला ‘चतकोर’सारखा शब्द नाही. “दोन भाकरींऐवजी पावणेदोन” कुणी खाणार नाही, पण “शेवटची चतकोर ठेवून द्या” हे ताटात दिसतं.

वजन स्थिरावण्याला पठार वगैरे म्हणू नका, लोक “काटा हलत नाही” म्हणतात. त्याखाली दोन ओळी द्या: आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, सपाट फरशीवर. मिठामुळे आणि पाण्यामुळे एक-दीड किलो रोज वरखाली होतं. पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं त्यातही बरंचसं पाणीच असतं. पुढे आठवड्याला अर्धा किलो म्हणजे चांगली गती. काटा हलत नसेल तर कमरेला टेप लावा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर घेर कमी करायला हवा.

मूळ प्रश्नाकडून

सर्वांचे आभार. मसुद्याची सुरुवात अशी झाली आहे: “वजन उतरवायचं म्हणजे उपाशी राहायचं नाही. दोन्ही वेळा जेवा, शेवटची चतकोर ठेवून द्या. स्वयंपाकाला माणशी दिवसाला तीन चहाचे चमचे तेल. साखर, गूळ, मध, काकवी चारही कमी. रोज अर्धा तास चाला. एखादा दिवस खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चाला. काही न करता वजन उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा.”

प्रतिसाद १

‘चारही कमी’ऐवजी ‘चारही मिळून’ किती चमचे ते लिहा. नाहीतर प्रत्येकाचा एक-एक चमचा धरला जाईल.