मदत हवी आहे: शॉवरच्या काचेच्या दाराची खालची पट्टी

घाईत_गोरेगाव:
शॉवरच्या दाराखालची पारदर्शक पट्टी फाटलीय. पाणी बाहेर येऊन बेसिनपर्यंत जातं. ऑनलाइन एक मागवली, ती बसतच नाही, सारखी गळून पडते. नेमकी कुठली घ्यायची ते कृपया सांगा. रविवारी पाहुणे आहेत.

पाना_दहा:
काच किती मिमी? फट किती? खाली उंबरा आहे का? दार आत उघडतं की बाहेर?

घाईत_गोरेगाव:
साधीच काच आहे हो, सगळ्यांकडे असते तशी. दार बाहेर उघडतं. उंबरा आहे, पांढरा मार्बल.

खटपट्या:
सगळ्यांकडे असते तशी म्हणजे ८, १० किंवा १२. गळून पडते म्हणताय, तर ८ च्या काचेवर १० ची पट्टी चढवली असणार. उलट केलं असतं तर चढलीच नसती, किंवा खाच तडकली असती. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) नसेल तर काचेची कड कागदावर टेकवून दोन्ही बाजूंनी पेन्सिलीने रेघ मारा आणि मोजा.

मोरीवाली:
पडदा लावा. धुता येतो.

पाना_दहा:
आणि पट्टी फाटलीय कुठून? पूर्ण की एका टोकाला?

घाईत_गोरेगाव:
काच ८ निघाली. पट्टी १० ची होती. 🤦 जुनी हँडलच्या बाजूला वीतभर फाटलीय, बाकी नुसती पिवळी. फट बिजागरीकडे ९ मिमी, हँडलकडे ६.

पाना_दहा:
मग नुसती पट्टी बदलून भागणार नाही. दार हँडलच्या बाजूला खाली आलंय. नवीनही तिथेच घासून फाटेल.

खटपट्या:
लगेच दाराला दोष नको. उंबऱ्यालाच उतार असेल. मिस्त्री पाणसळ (पातळी बघायची नळी) लावतातच असं नाही.

पाना_दहा:
त्यासाठी पाणसळ लागत नाही. हँडलच्या बाजूची उभी फट वर आणि खाली मोजा. दार लटकलं असेल तर वर कमी, खाली जास्त येईल.

घाईत_गोरेगाव:
वर ३, खाली ६. दार ७० सेंमी रुंद, १९० उंच.

पाना_दहा:
बघा, लटकलंय.

खटपट्या:
लटकलंय, पण किती? १९० सेंमी उंचीत ३ मिमी, म्हणजे ७० सेंमी रुंदीत जेमतेम १.१ मिमी. खालचा फरक ३ चा आहे. उरलेले दोन उंबऱ्याचे.

पाना_दहा:
मान्य. तरी आधी बिजागरी. ८ मिमी काच दर चौरस मीटरला २० किलो, हे दार साधारण २७ किलोचं. दोन माणसं हवीतच. हँडलच्या टोकाखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारून दार उचलून धरा. काच पकडणारे स्क्रू अॅलन कीने (षटकोनी पान्याने) फक्त सैल करा, काढू नका. उभी फट सारखी झाली की आळीपाळीने थोडे थोडे आवळा. बिजागरीची प्लेट आणि काच यांमधलं गॅस्केट (मऊ रबरी पट्टी) चेपलं असेल तर ते बदलायला काचवाल्यालाच बोलवा. धातू थेट काचेला लागला की टफन (तापवून कडक केलेली) काच फुटू शकते.

लिंबूफूल:
काचेवरचे पांढरे डाग टँकरच्या पाण्याचे असतात. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल घालून पुसा, लख्ख होते.

खटपट्या:
खाली मार्बल आहे असं त्यांनी लिहिलंय. आम्ल सांडलं तर मार्बलची चकाकी जाईल. आणि डागांचं विचारलंय कोणी?

घाईत_गोरेगाव:
मी नाही. पट्टी!!

खटपट्या:
८ मिमीची, खाली लोंबणारं मऊ पातं आणि एका बाजूला तिरका ओठ असलेली घ्या. ओठ शॉवरच्या बाजूला, म्हणजे काचेवरून ओघळणारं पाणी आत पडतं. उलटी बसवली की तेच पाणी बाहेर. पातं काचेच्या कडेपासून फटीपेक्षा २ मिमीच जास्त हवं. जास्त लांब असलं की दार ओढताना दुमडतं आणि पट्टीच उखडते. तुम्ही ११-१२ चं घ्या, बिजागरी नीट केल्यावर फट परत मोजा आणि पातं कात्रीने तिरकं कापा: बिजागरीकडे ११, हँडलकडे ९.

जुनी पट्टी हाताने खाली ओढा. स्क्रूड्रायव्हर घालू नका, टफन काचेची कड आणि कोपरे हीच नाजूक जागा. कडेवरचा साबणाचा थर पुसा. नवीन पट्टी बारीक दात्यांच्या हॅक्सॉने दारापेक्षा २ मिमी कमी कापा, कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. दार पूर्ण उघडा, एका टोकापासून दाबत जा. अडली तर साबणाचं पाणी. तेल नको.

सीलंट_सम्राट:
वरून सिलिकॉनची बारीक रेघ मारा, आयुष्यात निघणार नाही.

पाना_दहा:
तोच तर घोटाळा. पुढच्या वेळी निघणार नाही आणि आत काळी बुरशी धरेल. ही खाचेत चिमटून बसणारी वस्तू आहे. सिलिकॉन उंबरा आणि फरशीच्या सांध्यात मारा, तेही न्यूट्रल. व्हिनेगरसारखा वास येणारं मार्बलला चालत नाही.

घाईत_गोरेगाव:
मिळेल कुठे? ऑनलाइन परत नको.

मोरीवाली:
मुंबईत लोहार चाळ किंवा सी. पी. टँक. जुन्या पट्टीचा चार बोटं तुकडा न्या. शनिवारीच जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. (पडदाही तिथेच मिळेल.)

खटपट्या:
बसवल्यावर बंद दाराच्या बाहेर उंबऱ्यावर पेलाभर पाणी ओता. ते आत न जाता खोलीत आलं तर उंबऱ्याचा उतारच बाहेर आहे. तिथे पट्टी काही करू शकत नाही, साचलेलं पाणी तिच्याखालून जाणारच.

घाईत_गोरेगाव:
आत्ताच ओतलं. निम्मं आत, निम्मं बाहेर.

पाना_दहा:
कुठल्या टोकाला बाहेर?

निळीछत्री:
दोन काचांमधली मॅग्नेटची उभी पट्टीसुद्धा सी. पी. टँकला मिळते का? आमची १० ची आहे.

पाना_दहा:
वेगळा धागा काढा. आणि दार १८० अंशाचं की ९०, ते लिहा त्यात.