ग्लायडरमधला रेडिओ: बॅटरी १२ व्होल्टची, १२.८ ची की १४ ची?

थर्मलवेडा

नमस्कार मंडळी. दक्षिण जर्मनीतल्या एका क्लबातलं एलएस ४ ग्लायडर, चौघांत मिळून वापरात आहे. सीटच्या मागे १२ व्होल्ट ७.२ एएचची (अँपिअर-तास) सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी. तिच्यावर जुना व्हीएचएफ रेडिओ, फ्लार्म (टक्कर टाळण्याचा इशारा देणारं), इलेक्ट्रिक व्हेरिओ (चढ-उताराचा वेग दाखवणारा), ट्रान्सपॉन्डर (रडारला ओळख सांगणारा) आणि मोठ्या पडद्याचा फ्लाइट कॉम्प्युटर चालतो. रेडिओच्या पुस्तिकेत पुरवठा १३.७५ व्होल्ट लिहिलाय, किमान ११.

तक्रार अशी: उड्डाणाला अडीच तास झाले की जमिनीवरून उत्तर येतं, "कॅरियर येतोय, आवाज नाही." म्हणजे नुसती रेडिओलहर पोचते, बोलणं नाही. पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की व्हेरिओचा पडदा मिणमिणतो, कधी कधी रीस्टार्टही होतो. उतरल्यावर बॅटरी मोजली तर १२.४ दाखवते, म्हणजे निम्म्याहून जास्त भरलेली.

चार पर्याय समोर आहेत: चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट, १२ व्होल्टला २ व्होल्टचा एक सेल जोडून १४, लॅपटॉपसारख्या लिथियम-आयन सेलांचा पॅक, किंवा आहे त्याच बॅटरीवर व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर. कुठला घ्यावा?

मीटरवाला

आधी एकही पैसा खर्च करू नका. उतरल्यावर मोजलेले १२.४ या प्रश्नात काहीच सांगत नाहीत. लोड काढला की शिशाची बॅटरी दहा मिनिटांत सावरते आणि साळसूद दिसते. हवा तो आकडा एकच: पीटीटी दाबलेला असताना रेडिओच्या प्लगवर किती व्होल्ट पोचतात.

तुमचा एकूण खर्च अंदाजे असा धरा. रेडिओ ऐकताना ०.१५ अँपिअर, फ्लार्म ०.१५, व्हेरिओ ०.१, ट्रान्सपॉन्डर ०.३, कॉम्प्युटर ०.४. म्हणजे सुमारे १.१ अँपिअर सतत. बोलताना रेडिओ एकटाच दोनेक अँपिअर ओढतो. ७.२ एएच हा आकडा वीस तासांच्या संथ डिस्चार्जचा असतो. १.१ अँपिअरने नवी बॅटरी सहाच्या आसपास देते आणि तीन हंगाम झालेली चारसुद्धा नाही. त्यामुळे अडीच तासांचं नवल नाही. पण रेडिओ आधी बंद पडतो, बाकीचं चालू राहतं, याचा अर्थ वाटेत कुठेतरी व्होल्ट गळताहेत.

मोजायचं असं. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावा. अँटेना किंवा लोड नसताना पीटीटी दाबायचा नाही, आउटपुटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. मीटर किमान-पकड मोडवर (सर्वात कमी वाचन धरून ठेवणाऱ्या) ठेवा. सगळी उपकरणं चालू करून तासभर चालू द्या, मग पाच सेकंद पीटीटी दाबून चार ठिकाणी वाचन घ्या: बॅटरीच्या पात्यांवर, फ्यूजच्या पुढे, डायोड किंवा स्विचच्या पुढे, आणि शेवटी रेडिओच्या प्लगवर. पहिल्या तीन वेळा काळी सळई बॅटरीच्या ऋण पात्यावर. चौथ्या वेळी मात्र ती रेडिओच्या स्वतःच्या ऋण पिनवर. इथेच लोक चुकतात: काळी सळई बॅटरीवरच राहिली तर परतीच्या तारेतली गळती दिसतच नाही, आणि ती जवळजवळ धन तारेएवढीच असते.

दोन_सेल_जास्त

मीटरवाले म्हणतात ते मान्य, पण पर्यायांबद्दल विचारलंय म्हणून.

लिथियम-आयनचे तीन सेल: भरलेले १२.६, रिकामे ९. निम्मी क्षमता ११.१ च्या खाली असते. ११ ला थांबणाऱ्या रेडिओसाठी अर्धी बॅटरी फुकट वाहायची. चार सेल घेतले तर भरल्यावर १६.८. १५ किंवा १६ ची मर्यादा असलेलं एकही जुनं उपकरण बसवलेलं असेल तर ते पहिल्याच दिवशी जाईल. दोन्हीकडून चुकतं. सोडून द्या.

१२ अधिक २ ही जुनी आणि शहाणी युक्ती आहे, १३.७५ चे रेडिओ होते त्या काळातली. सात सेल, भरल्यावर १५ च्या आसपास, लोडखाली १४.२ वरून हळूहळू १२.५ पर्यंत. रेडिओ खूश. पण चार्जर सात सेलांचाच लागतो, १६.८ व्होल्टचा. साधा १४.४ चा चार्जर लावला तर प्रत्येक सेलला २.०६ मिळतात आणि बॅटरी कधीच भरत नाही. क्लबात कोणी ना कोणी तो लावतोच. शिवाय तो वेगळा सेल बाकी सहांच्या वयाचा आणि क्षमतेचा नसेल तर तोच आधी रिकामा होतो आणि उलटा चार्ज होऊन मरतो.

कन्व्हर्टर: जमेल तितकं टाळा. स्वस्त बूस्ट कन्व्हर्टरचा गोंगाट ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे विमानरेडिओच्या पट्ट्यात, भरतो, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडं पडतं किंवा ते इतकं आवळावं लागतं की दूरचं स्टेशन ऐकूच येत नाही. वर तो बॅटरी उतरेल तसा जास्त करंट ओढतो, म्हणजे शेवटचा तास आणखी लहान.

उरते लिथियम आयर्न फॉस्फेट, पुढे एलएफपी म्हणतो. चार सेल, चार्जरवर १४.४ ते १४.६, काढल्यावर १३.३-१३.४ ला स्थिरावते, आणि १.१ अँपिअरवर जवळपास पूर्ण वेळ १३.१-१३.२ धरून ठेवते. तुमच्या पेटीत मावणाऱ्या त्याच मापात, १५१ × ६५ × ९४ मिमी, १० एएचपर्यंतच्या मिळतात. वजन सव्वा किलोच्या आसपास, शिशाची अडीच किलो.

हडपसरकर

थोडं विषयाच्या कडेचं, पण पुण्याहून वाचणाऱ्यांसाठी. इथल्या बाजारात १२ व्होल्ट ७ एएच म्हणून सहज मिळते ती यूपीएसची बॅटरी. मापाने तीच, कामाने नाही: ती कायम फ्लोटवर (भरलेली, चार्जरला जोडलेलीच) राहून वर्षातून चारदा पाच मिनिटं जोरात चालण्यासाठी बनवलेली असते, दर रविवारी पाच तास उतरवण्यासाठी नाही. विकत घेताना डेटाशीटवर सायकल (पुन्हा पुन्हा भरून उतरवण्याच्या) वापराचं व्होल्टेज दिलंय का पाहा.

दुसरं म्हणजे पाती. या बॅटऱ्या दोन पात्यांच्या येतात, ४.८ मिमी आणि ६.३५ मिमी रुंद. रुंद पात्याची क्लिप अरुंद पात्यावर बसते, हाताला घट्टही लागते, पण टेकते एका कडेवर. बोलताना तिथेच ०.१-०.२ व्होल्ट जातात आणि प्लॅस्टिक पिवळं पडायला लागतं. पक्कडने चेपून भागवू नका, योग्य मापाची क्लिप क्रिंप करा.

तिसरं, ऊन. पत्र्याच्या हँगरात एप्रिल-मेमध्ये ४० अंशांवर चार्जर कायम जोडून ठेवला तर १३.६ चा फ्लोट जास्त होतो. शिशाच्या १२ व्होल्ट बॅटरीला २५ अंशांच्या वर दर अंशामागे साधारण २० मिलिव्होल्ट कमी करायचे, म्हणजे १३.३. नाहीतर ती सुकते, बाजू फुगतात आणि पेटीतून बाहेर निघता निघत नाही. बॅटरी काढून सावलीतल्या खोलीत चार्ज करणं सगळ्यात सोपं.

थर्मलवेडा

मोजलं. सगळं चालू, तासाभराने, पीटीटी दाबून, एकूण करंट २.९ अँपिअर:

बॅटरीची पाती १२.२१
फ्यूजच्या पुढे १२.०८
डायोडच्या पुढे ११.३७
रेडिओचा प्लग १०.८६

डायोड कधीतरी दुसऱ्या बॅटरीसाठी टाकलेला दिसतोय, दुसरी बॅटरी आता नाही. तार ०.५ चौरस मिमीची, सगळ्या उपकरणांना एकच, जाऊन-येऊन पाच मीटर.

मीटरवाला

झालं, चोर सापडला. बॅटरीने १२.२१ दिले, रेडिओला १०.८६ मिळाले. १.३५ व्होल्ट वाटेत.

डायोड ०.७१: साधा सिलिकॉन, अपेक्षेप्रमाणेच. दुसरी बॅटरी नसेल तर काढून टाका. पुढे दोन लावणार असाल तर शॉट्की (कमी व्होल्ट खाणारा डायोड) घाला, ०.३-०.४ जातील, किंवा मॉसफेटचा आदर्श डायोड, त्यात फार थोडे मिलिव्होल्टच जातात.

तार ०.५१: ०.५ चौरस मिमीच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे ३५ मिलिओहम. पाच मीटर म्हणजे ०.१७५, गुणिले २.९, बरोबर ०.५१. गणित इतकं जुळतंय म्हणजे जोड चांगले आहेत, तारच बारीक आहे. बॅटरीपासून पॅनेलपर्यंत १.५ चौरस मिमी टाका, ०.१७ वर येईल. टेफ्झेल आवरणाची विमानवायर वापरा. घरगुती पीव्हीसी जळली तर कॉकपिटमध्ये दाट, घशाला झोंबणारा धूर होतो. पॅनेलच्या वाटपपट्टीवरून रेडिओला स्वतंत्र जोडी आणि स्वतंत्र फ्यूज द्या. व्हेरिओची ऋण तार रेडिओच्या ऋण तारेला वाटेत जोडलेली असेल तर ती सोडवून थेट पट्टीवर आणा. पडदा मिणमिणण्याला तीही कारणीभूत असते.

फ्यूज ०.१३: होल्डरचे चिमटे घासून साफ करा आणि हडपसरकरांनी सांगितलेली क्लिप तपासा. मुख्य फ्यूज, ७.५ अँपिअरचा, धन पात्यापासून हातभर नाही, बोटभर अंतरावर हवा. फ्यूजच्या अलीकडची तार उघडी पडली तर तिला कोणीच वाचवत नाही.

एवढं केलं की आहे त्याच बॅटरीवर रेडिओला ११.९ च्या पुढे मिळतील. डायोड ठेवून नुसती एलएफपी टाकली असती तरी साधारण ११.६ मिळाले असते आणि तक्रार थांबली असती. पण मग डायोड आणि बारीक तार तशीच राहिली असती.

दोन_सेल_जास्त

तारा बदलल्यावर एलएफपी घ्याच, कारण ७.२ शिशाची पाच-सहा तासांना पुरणार नाही. पण तीन गोष्टी बदलाव्या लागतील.

इशारा. शिशासाठी ११.५ ला लावलेला अलार्म एलएफपीला उपयोगाचा नाही. तो वाजेल तेव्हा हातात काही मिनिटं उरलेली असतील, मग आतला बीएमएस (बॅटरीचं संरक्षण सर्किट) एका झटक्यात सगळं तोडतो, आवाज खरखरणं वगैरे पूर्वसूचना नाही. लोडखाली १२.८ ला पहिला इशारा लावा. तो आला की कॉम्प्युटरचा पडदा बंद, रेडिओ आणि फ्लार्म चालू. आणि १३.१ दिसताहेत म्हणजे किती उरली हे व्होल्टमीटर सांगू शकत नाही, ८० टक्केही असेल, ४० ही. एएच मोजणारा छोटा शंट-मीटर किंवा निदान घड्याळ.

चार्जर. १४.४-१४.६ चा एलएफपीचाच. शिशाच्या काही चार्जरांत सल्फेट झटकण्याचा मोड असतो, तो १५.५ च्या वर जातो. बीएमएस तोडेल, पण रोज त्याच्या भरवशावर राहू नये. शून्याखाली चार्जिंग नाही. मार्चमधल्या सकाळी हँगरातून आणलेली बॅटरी आधी खोलीत ठेवा. उड्डाणात थंडीत डिस्चार्ज चालतो.

वरचा आकडा. चार्जरवरून काढून लगेच लावली तर काही मिनिटं १४ च्या पुढे असते. इंजिनाच्या विमानासाठी बनवलेल्या १४ व्होल्टच्या उपकरणाला ते सोसतं. तरी प्रत्येक उपकरणाच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा कागदावर उतरवा, विशेषतः जुन्या व्हेरिओची.

एलएफपी आणि शिशाची बॅटरी समांतर जोडू नका. दोन बॅटऱ्यांमध्ये बदलणारा स्विच लावणार असाल तर टॉगल पलटताना १०-२० मिलिसेकंद पुरवठा तुटतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. १०,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर १ अँपिअरवर दीड व्होल्ट पडेपर्यंत १५ मिलिसेकंदच धरतो, काठावरचं काम. दोन शॉट्की बरे.

हडपसरकर

वजनाचं कोणी बोललं नाही. सीटच्या मागची पेटी सीजीपासून (गुरुत्वमध्यापासून) फार लांब नसते, तिथे सव्वा किलो कमी झाल्याने थोडंच हलतं. पण हाच धागा वाचून कोणी शेपटाच्या उभ्या पात्यातली बॅटरी बदलेल. तिथे दीड किलो कमी, सीजीपासून चार मीटर लांब, म्हणजे ६ किलो-मीटर मोमेंट; ३०० किलोच्या ग्लायडरचा सीजी दोन सेंटिमीटर पुढे. नाकातली हलकी केली तर उलट, सीजी मागे, आणि हलक्या वैमानिकाला ते धोक्याचं. दोन्ही बाबतीत वजनपत्रक नव्याने करायचं. युरोपात आधी सीएस-स्टॅन (छोट्या बदलांची युरोपीय नियमावली) वाचून तुमच्या तपासनीसाशी बोला, भारतात व्हीटी (भारतीय) नोंदणीच्या ग्लायडरला परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय हात लावू नका.

आणि कोणी तिकडून पुण्याला एलएफपी घेऊन येणार असेल तर: १२.८ गुणिले १० म्हणजे १२८ वॅट-तास. १०० ते १६० च्या मधली सुटी बॅटरी विमान कंपनीच्या परवानगीनेच, हातसामानात, जास्तीत जास्त दोन, आणि पाती झाकलेली.

थर्मलवेडा

डायोड काढला, क्लिप बदलली, होल्डर साफ केला. तार अजून जुनीच. त्याच चाचणीत बॅटरीवर १२.२०, रेडिओच्या प्लगवर ११.६५. डमी लोडवर जवळच्या हँडहेल्डवर आवाज स्वच्छ, पडदा मिणमिणत नाही. १.५ ची तार येत्या आठवड्यात पडेल, एलएफपी हंगाम संपल्यावर वजनपत्रकाबरोबर.

मीटरवाला

तार टाकताना सीटच्या कडीला घासते तिथे बाही चढवा, आणि झाल्यावर चारही आकडे लॉगबुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी फ्यूजच्या पुढचा आकडा पुन्हा ०.१ ने खाली आला की होल्डर परत काळा पडलाय.