आधीचा उद्रेक किती चालला ते बघा

वर एका प्रतिसादात म्हटलंय की अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातला ओल्ड फेथफुल हा गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा, बरोबर तासातासाने उडतो. तसं नाहीये. पुढची वेळ ठरते ती आधीचा उद्रेक किती चालला यावरून. अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर साधारण तासा-सव्वातासात पुन्हा उडतो. चार-साडेचार मिनिटं चालला तर दीड तास धरून चाला. लांबलेल्या उद्रेकात जमिनीखालची नळी आणि पोकळ्या जास्त रिकाम्या होतात, त्या भरून पुन्हा तापायला वेळ लागतोच. तिथले रेंजर उद्रेकाची मिनिटं मोजूनच पुढची वेळ जाहीर करतात, तीही दहा मिनिटं मागेपुढे धरून.

मला जास्त नवल वाटतं ते भूकंपांचं. १९५९ चा हेबगेन लेक आणि १९८३ चा बोराह पीक, दोन्हींनंतर ही मधली वेळ वाढली. खडकातल्या भेगा हलल्या की पाण्याची वाटच बदलते. आणि दुष्काळ! तेराव्या-चौदाव्या शतकांत तर उद्रेक कित्येक दशकं बंदच होते. त्या काळात थेट त्याच्या उंचवट्यावर झाडं वाढली; त्यांचं खनिजांनी भरलेलं लाकूड तिथेच सापडलंय.