अनुभव धागा: ‘मेट्रो एक्सोडस’ पुन्हा खेळताना

धागाकर्ता

मंडळी, फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘मेट्रो एक्सोडस’ हा व्हिडिओ गेम (अणुयुद्धानंतरच्या रशियात रेल्वेने फिरणाऱ्या आर्त्योमची गोष्ट, आपण खेळतो तो हाच) आला तेव्हा मी तो चार रात्रींत उडवला होता. आता दुसऱ्यांदा घेतलाय, जोडीला दोन्ही डीएलसी, म्हणजे नंतर आलेली जोड-प्रकरणं. पहिल्या खेपेला ‘अरोरा’ रेल्वेवरचे प्रसंग म्हणजे दोन गोळीबारांमधली कटकट वाटायची. दार दिसलं की पुढे. या वेळी आपला सोबती स्तेपान गिटार घेऊन बसला, तर मीही शेजारी ठाण मांडलं. गप्पा आपोआप चालू राहतात; उठून गेलात तर तुमचंच नुकसान. तिथेच आर्त्योमच्या बायकोचा, ॲनाचा खोकला ऐकला. तो मागच्या वेळीही असणारच! पण तेव्हा मी डब्यात थांबलोच नव्हतो आणि पुढे तिच्या औषधासाठी नोवोसिबिर्स्कला जायचं ठरलं, तेव्हा ‘हे काय मध्येच’ म्हणून वैतागलो होतो.

तुम्हाला पुन्हा खेळताना काय सापडलं? खाली रहस्यभेद भरपूर असणार. ज्यांचा खेळ बाकी आहे, त्यांनी इथूनच मागे फिरा.

रात्रपाळी

माझं दुसरं खेळणं म्हणजे एकाच गोष्टीचं प्रायश्चित्त: अरोरावरचा सोबती ड्यूक. व्होल्गाच्या काठी विजेला पाप मानणारा तो पंथ आहे ना, त्यातली माणसं मी पहिल्यांदा सरसकट मारली. ती वेडी असतील, पण गुन्हेगार नाहीत. खेळ एका शब्दाने टोकत नाही, हिशेब मात्र ठेवतो. तिथून निघताना ड्यूक मारला गेला आणि मला वाटलं, कथेतच तसं असेल.

आता पलंगावर झोपून मुद्दाम रात्र करून घेतो. पहारा विरळ होतो, बाहेर श्वापदं मात्र वाढतात. दिवे विझवत जायचं, मागून गाठून बेशुद्ध करायचं, बस्स. हातात टिखार: हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, छर्रे पाठपिशवीतच बनतात, आवाज जवळजवळ नाहीच. फक्त दाब उतरला की हाताने पंप मारत बसावं लागतं, आणि हे नेमकं कुणीतरी कोपऱ्यावरून वळताना आठवतं. एका ठिकाणी शेवटच्या दोघांनी शस्त्रं टाकून हात वर केले. मागच्या वेळी इतका वेळ मी कुणाला दिलाच नव्हता.

ड्यूक वाचला. पुढच्या प्रवासात तो डब्यात दिसला की उगाच बरं वाटायचं.

घाईत_आहे

‘शरण आलेत’ हे मला हा धागा वाचून कळलं. मी समजत होतो, गोळ्या भरायला खाली बसतात.

जुनं_फिल्टर

माझी चूक निराळी. डीएलसी मुख्य मेनूतच दिसतात, म्हणून ‘द टू कर्नल्स’ आधी खेळलो. करू नका! ऑगस्ट २०१९ मध्ये आलेलं हे प्रकरण छोटं आहे, मोकळा नकाशा नाही, मालिकेच्या जुन्या खेळांसारखे अरुंद बोगदे. नोवोसिबिर्स्कची मेट्रो शेवटचे दिवस मोजतेय, आणि कर्नल ख्लेब्निकोव्ह आग ओकणारं यंत्र घेऊन भिंतींवर माजलेली वाढ जाळतोय. दुसरीकडे वर्षभराने त्याच बोगद्यांतून जाणारा कर्नल मिलर, आर्त्योमचा वरिष्ठ. आधी खेळल्यामुळे मिलर कोण, त्याचं ख्लेब्निकोव्हशी काय जुळतं, काहीच लागेना.

मुख्य खेळ संपवून परत आलो तेव्हा लागलं. मुख्य खेळात किरिल हा एकटा राहिलेला पोरगा भेटतो आणि आपण पुढे सरकतो. डीएलसीत त्याच्या बापाच्या, म्हणजे ख्लेब्निकोव्हच्या हातांनी त्याला जपावं लागतं, आणि बापाचं काय होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. शिवाय मिलर ॲनाचा बाप! मला तो कायम ओरडणारा, हेकट म्हातारा वाटायचा. शेवटी किरणोत्सर्गावरची स्वतःच्या वाट्याची मात्रा तो आर्त्योमला देतो, ते दुसऱ्या खेपेला मला सलग बघवलं नाही.

एकांडा

‘सॅम्स स्टोरी’बद्दल कुणीच लिहीना म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०२० चं. मॉस्कोच्या अमेरिकी दूतावासावर पहारा देणारा सैनिक, घरी जायचं म्हणून व्लादिवोस्तोकपर्यंत पोचलेला, आणि आशा कसली तर एका पाणबुडीची. नकाशा मोठा, व्होल्गासारखा मोकळा. गोळीबार उत्तम, पण मधलं भटकणं मला ओढलेलं वाटलं. अरोराच नाही, तर परतायचं कुणाकडे? सॅम बोलतो हे मात्र आवडलं. आर्त्योम खेळभर मुका, त्याचा आवाज फक्त पुढचा टप्पा लोड होताना.

धागाकर्ता

@रात्रपाळी, कालच शेवट गाठला. आर्त्योमला रक्त लागतं, आणि ते द्यायला आपण वाटेत ज्यांना राखलं तेच असतात. माझ्याकडे ड्यूक नव्हता. बाकीच्या दोघांवर भागलं. आता व्होल्गाचा टप्पा पुन्हा उघडतोय, रात्र करून.