विषय: फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप कोणता घ्यावा?

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

गणपतीचे फोटो अजून पोचले नाहीत म्हणून बरेच जण विचारताहेत. उशिराबद्दल मनापासून क्षमस्व. दोन दिवसांचे मिळून ११०० फोटो आहेत, सगळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून कच्चेच आलेले. माझा लॅपटॉप २०१६ चा, रॅम ८ जीबी. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर सरकवला की चित्र बदलायला तीन-चार सेकंद लागतात, आणि तेवढ्यात आधीचा रंग कसा होता तेच विसरायला होतं. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय आणि या मशीनवर ११ चढत नाही. म्हणजे नवीन घेणं आलंच.

बजेट टॅक्स धरून १५०० डॉलर. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. दुकानातला मुलगा म्हणाला, गेमिंग लॅपटॉप घ्या, ग्राफिक्स कार्ड तगडं असतं. घेऊ का? यंदा दिवाळी अंकाचं मुखपृष्ठही माझ्याकडेच आहे, त्यामुळे जरा धाकधूक आहे.

---

सोमवार, ८ सप्टेंबर

अगं, थांब. लगेच घेऊ नकोस.

प्रोसेसर, ग्राफिक्स सगळं नंतर. आधी स्क्रीन बघ. तुला दिसलंच नाही तर तू सुधारणार काय?

काही वर्षांपूर्वी अंकाचं मुखपृष्ठ मी केलं होतं. तुळशीवृंदावनापाशी पणती लावणाऱ्या आजी, गडद हिरवं नऊवारी. माझ्या स्क्रीनवर पदराची एकेक चुणी दिसत होती. अंक छापून आला, तर पणतीच्या उजेडाबाहेरचा सगळा पदर काळा ठिक्कर. छापखान्याशी मी भांडलोसुद्धा. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी रात्र रात्र ब्राइटनेस पूर्ण ठेवून बसत होतो, त्यामुळे मुळात अंधारा असलेला फोटो मला उजळ दिसत होता. कागदाला मागून दिवा नसतो. त्या आजी त्यानंतरच्या वर्षी गेल्या. त्यांच्या घरच्यांकडे तोच अंक आहे, याची मला आजही रुखरुख आहे.

म्हणून सांगतो, कळकळीने. स्पेसिफिकेशनमध्ये '४५ टक्के एनटीएससी' (पडदा किती रंग दाखवतो त्याचं एक माप) दिसलं की तो लॅपटॉप तिथेच ठेव. असा पडदा एसआरजीबी या नेहमीच्या वापरातल्या रंगपट्ट्यातले जेमतेम दोन तृतीयांश रंग दाखवतो. स्वस्तातल्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये पैसा ग्राफिक्स कार्डात जातो आणि पडदा असलाच बसवतात. एसआरजीबी १०० टक्के हवंच. डीसीआय-पी३ हा त्याहून मोठा रंगपट्टा जवळपास पूर्ण मिळाला तर फारच छान.

रॅम १६ जीबीच्या खाली नको, जास्त परवडली तर घे. मॅकबुकमध्ये आणि पुष्कळशा पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जोडलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. डिस्कवर मात्र उधळू नकोस. तुझे ११०० फोटो म्हणजे ३०-३५ जीबी. जुने उत्सव बाहेरच्या एसएसडीवर हलव, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेव.

एक कर. आरतीचा एक फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा, लाल-केशरी भरपूर असलेला. तोच फोटो तीन-चार लॅपटॉपवर उघड, प्रत्येकाचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून. डोळे तुझेच, तेच सांगतील.

---

सोमवार, ८ सप्टेंबर, रात्री

काकांचं पटलं, पण ताई, ग्राफिक्स अगदीच सोडून देऊ नकोस. आपल्या हॉलमध्ये उजेड किती कमी असतो तुला माहीत आहे. आरतीला दिवे मालवले की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ६४०० च्या पुढेच न्यावा लागतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. हे दाणे काढणारं लाइटरूमचं एआय डीनॉइज २०२३ मध्ये आलं, त्याचा वेग मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर ठरतो. जुन्या मशीनवर एकेका फोटोला मिनिटं जातात, चांगल्या कार्डावर काही सेकंद.

मॅकबुक एअरला पंखा नाही, हेही लक्षात ठेव. सलग ३०० फोटो एक्स्पोर्टला, म्हणजे तयार फाइली बनवायला, लावलेस की तापून तो वेग कमी करतो. ओएलईडी पडदे (ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) सुंदर असतात, पण त्यातले काही कमी ब्राइटनेसवर सूक्ष्म लुकलुकतात. माझं अशाने डोकं दुखतं. दुकानात पाच-दहा मिनिटं तरी बघत उभी राहा.

---

रविवार, १४ सप्टेंबर

काका, दादा, दोघांचेही आभार.

काल पेन ड्राइव्ह घेऊन गेले. फोटो मखराचा होता: झेंडूच्या माळा, मागे शेंदरी पडदा, आणि बाप्पासमोर लाल जास्वंद. त्या गेमिंग लॅपटॉपवर झेंडू आणि पडदा एकजीव झाले होते, माळ कुठे संपते तेच कळेना. जास्वंदीची पाकळी नुसती लाल टिकली. शेजारच्या मॅकबुकवर तोच फोटो उघडला आणि पाकळीवरच्या शिरा दिसल्या. त्या शिरा माझ्या फोटोत आहेत हे मला ठाऊकच नव्हतं! ओएलईडीवालाही आवडला होता, पण डोळे चुरचुरायला लागले.

शेवटी १३ इंची मॅकबुक एअर घेतला, प्रोसेसर एम४, रॅम २४ जीबी, डिस्क ५१२ जीबी. १३९९ आणि आपल्या न्यू जर्सीचा टॅक्स मिळून १४९२ डॉलर. पंख्याचं म्हणणं खरं आहे दादा, पण मला घाई एडिट करताना असते, एक्स्पोर्ट करताना नाही. डीनॉइज रात्री लावून झोपेन.

पडद्याचे रंग आपोआप बदलणारं ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट दोन्ही बंद केलं आहे. काका, तुमच्याकडे स्क्रीन कॅलिब्रेट करायचं, म्हणजे तिचे रंग आणि उजेड मोजून नीट लावायचं, यंत्र आहे ना? पुढच्या रविवारी मराठी शाळेत आणाल का? मुखपृष्ठाला हात लावण्याआधी तुमच्यासमोर ब्राइटनेस १२० कँडेलावर (पडद्याच्या उजेडाचं माप) आणून घेते, आणि अख्ख्या अंकाआधी एक पान छापून मागवते.

मंडळी, आरतीचे पहिले ८० फोटो आज रात्री टाकते. ज्यांच्या मुलांचे फोटो सगळ्यांना दिसायला नको आहेत, त्यांनी संध्याकाळी सहापर्यंत मला एकटीला मेल करा.