'सिम्युलेशन'साठी अनुकरण, प्रतिकृती की अनुकार?

प्रश्न : मी नाशिकला संगणक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात असून पीअर-टू-पीअर (मध्यवर्ती सर्व्हरविना संगणक एकमेकांशी थेट जोडणाऱ्या) नेटवर्कवरील प्रबंधाचा सारांश मराठीत लिहीत आहे. अशा नेटवर्कचे सिम्युलेशन करणाऱ्या पीअरसिम या सॉफ्टवेअरला 'अनुकरण साधन' म्हटले, तर मार्गदर्शक बाईंनी शब्दाभोवती लाल वर्तुळ काढले. 'प्रतिकृती' चालेल का? आणि 'पीअर'ला काय म्हणावे?

प्रतिसाद : बाईंचे वर्तुळ योग्य आहे, कारण अनुकरण म्हटले की वाचकाला नक्कल आठवते. 'प्रतिकृती' तर नाशिककराने जपूनच वापरावा. दिंडोरी रस्त्यावरील 'मेरी' या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत धरणाच्या सांडव्याची लहान प्रतिकृती बांधून तिच्यावरून खरे पाणी सोडतात. तेथे वस्तूही असते आणि प्रवाहही. पीअरसिममध्ये मात्र हजारो नोड (नेटवर्कमधले संगणक) एकाच संगणकाच्या मेमरीत केवळ नोंदी म्हणून राहतात आणि काळसुद्धा एका आकड्याच्या रूपाने पुढे सरकतो. त्याच्या चक्राधारित पद्धतीत दर फेरीला प्रत्येक नोडची पाळी येते आणि संदेश पोचण्यास लागणारा वेळ हिशेबातच नसतो. घटनाधारित पद्धतीत तो विलंब धरता येतो, पण गणनेचा भार वाढतो. अशा आकड्यांतल्या घडामोडीसाठी मी 'अनुकार' लिहीन. शब्द पुस्तकी आहे खरा, पण रोजच्या बोलण्यातला दुसरा अर्थ त्याला चिकटलेला नाही.

दुसरा प्रतिसाद : सहमत. मात्र खरा प्रोग्रॅम कृत्रिम नेटवर्कवर चालवला, तर ते निराळे काम ठरते, आणि पूर्वीच्या प्लॅनेटलॅबसारख्या जगभर विखुरलेल्या खऱ्या यंत्रांवर चालवला, तर ती सरळ 'चाचणी'च.

'पीअर'साठी मला आधी शेतकऱ्यांची 'सावड', म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याची रीत, सुचली होती. फाइली वाटून घेण्याच्या बिटटॉरेंट पद्धतीला ती शोभते, कारण जो फाइलीचे तुकडे देतो त्यालाच तेथे प्रामुख्याने तुकडे मिळतात (अधूनमधून अनोळखी नोडलाही संधी मिळते, एवढी सूट सोडली तर). परंतु 2001 साली मांडलेल्या कॉर्ड या माहिती शोधण्याच्या पद्धतीत नोड दुसऱ्याचा शोध परतफेडीची अपेक्षा न ठेवता पुढे पाठवतो. ती सावड नव्हे. म्हणून सर्वसाधारण शब्द 'समकक्ष' हाच ठेवावा.

मूळ प्रश्नकर्ती : आभारी आहे. नोड सतत जोडले जातात आणि गळतात, त्या 'चर्न'ला मी 'घुसळण' लिहिले होते.

पहिला प्रतिसादक : घुसळणीत ताक भांड्यातच राहते. येथे नोड निघूनच जातात, तेव्हा साधे 'ये-जा' लिहावे.