सल्ला हवा: बी.ए. झालं, टीव्ही-रेडिओच्या बातम्यांत जायचंय. कोल्हापूर, पुणे, अमरावती की दिल्ली?

गावभागकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, गावभागात राहते. यंदा मराठी घेऊन बी.ए. झालं. वडील अडत दुकानात दिवाणजी आहेत. "कुठं जायचं ते बघ, पण दीड लाखाच्या वर माझ्याच्यानं होणार नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. आईचं म्हणणं, बी.एड. कर आणि मोकळी हो.

२०१९ च्या पुरात आम्ही आठ दिवस मिरजेला मावशीकडे होतो. टीव्हीवर सारखा कृष्णेवरचा आयर्विन पूल दाखवायचे. पण आमच्या गल्लीत पाणी किती आहे, घरी कधी जाता येईल, हे कुणी सांगत नव्हतं. वडील शेवटी रेडिओ लावून बसले. तेव्हापासून हे डोक्यात आहे. मला बातम्या करायच्या आहेत, नुसत्या वाचायच्या नाहीत.

डोळ्यासमोर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पुण्याचं रानडे (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) आणि आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्था, दिल्ली आणि अमरावती) आहे. शिवाय पुण्यातल्या एका खासगी अॅकॅडमीचा रोज फोन येतो: 'तीन महिन्यांत अँकर', फी नव्वद हजार, शंभर टक्के प्लेसमेंट. ओळखीत या क्षेत्रातलं कुणीच नाही. जाणकारांनी सांगावं.

चहाटळ

रानडे. डोळे झाकून.

सह्याद्रीवारा

+१. एफटीआयआयचा (सिनेमा-टीव्ही शिकवणारी सरकारी संस्था) टीव्हीचा एक वर्षाचा कोर्सही बघ, तोही पुण्यातच.

पीसीआर नाईट शिफ्ट

सह्याद्रीवारा, गल्लत होतेय. एफटीआयआयच्या टीव्ही विभागात दिग्दर्शन, इलेक्ट्रॉनिक सिनेमॅटोग्राफी, व्हिडिओ एडिटिंग आणि साऊंड शिकवतात. पत्रकारिता तिथं नाही. धागाकर्तीला उद्या एडिटर व्हायचं असेल तर सोन्यासारखी जागा, बातमी करायची असेल तर हा रस्ता वेगळा.

जुना बूमवाला

ताई, मी साताऱ्याचा. पंधरा वर्षं बूम (वाहिनीचं चिन्ह लावलेला माईक) धरला. पैकी नऊ वर्षं जिल्ह्यात स्ट्रिंगर (बातमीमागे पैसे घेणारा वार्ताहर), बाकीची मुंबईत असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे कुठली बातमी कुणी करायची ते ठरवतात तिथं. आता गावी शेती आणि थोडं शिकवणं. लांबण लागणार, चहा घेऊन बस.

आधी त्या तीन महिन्यांचं. नको. मी डेस्कवर असताना अशा ठिकाणांहून शोरील (कामाच्या नमुन्याचे व्हिडिओ) यायच्या. मागे हिरवा पडदा, प्रॉम्प्टरवर दुसऱ्यानं लिहिलेलं, आणि सगळ्या पोरापोरींच्या अंगात एकच कोट. अक्षरशः एकच, कुणाला ढगळ, कुणाला आखूड. आम्ही एवढंच विचारायचो, ही बातमी तू लिहिलीस का? तिथं गाडी थांबायची. आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'मध्ये सहा महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिपही मोजतात, हे फोनवरच्या मॅडम सांगणार नाहीत.

आमच्या आधीची पिढी हैदराबादला तयार झाली. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आलं, त्याच्या बातम्या रामोजी फिल्म सिटीतून निघायच्या. मग २००७ ला झी २४ तास आणि स्टार माझा (आताचं एबीपी माझा), २००८ ला आयबीएन लोकमत. एकदम एवढी माणसं आणायची कुठून? तेव्हा वर्तमानपत्रातली पोरं उचलून थेट कॅमेऱ्यासमोर उभी केली, डिग्री कुणी विचारली नाही. मी त्याच लाटेत शिरलो. आज अर्जांच्या ढिगातून नाव वर यायला पदव्युत्तर शिक्षण लागतं. शिवाय पहिली इंटर्नशिप बहुतेक कॉलेजच्या पत्रावर मिळते. म्हणून शिक, पण जागा बघून शिक.

जागा बघायची म्हणजे खरंच जाऊन. माहितीपत्रकात स्टुडिओचा फोटो सगळ्यांच्याच असतो. तू त्या खोलीला कुलूप आहे का बघ. शिपायाला विचार, किल्ली कुणाकडं असते. "सरांकडं, आणि सर मीटिंगला गेलेत" असं उत्तर आलं तर काय ते समज. मग मागच्या बॅचची पोरं कँटीनला गाठ. वर्षात किती बुलेटिन काढली? ठरल्या मिनिटाला काढली की सर आल्यावर? बाहेर जाऊन शूट केलं की आवारातल्या झाडांचंच? कॅमेरा किती जणांत एक? शिकवणाऱ्यांत आजही बातमीत असलेलं कुणी येतं का? रानडेचं नाव मोठं आहे, १९६४ पासूनचं आहे, मी मान देतो. पण चहाटळ म्हणतात तसं डोळे झाकून कुठंच जाऊ नये, रानडेलासुद्धा नाही.

आता पुरावरून निघालंच आहे तर सांगतो. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे सांगलीतलं शाळकरी पोरगंही सांगतं. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. बाहेरून आलेले रिपोर्टर पुलावर उभे राहून काय म्हणत होते? "या ठिकाणी पाण्याच्या पातळीत वाढ झाल्याचं पाहायला मिळतंय." अरे बाबा, किती फूट? तासाला किती इंच? कोयनेतून किती सोडलंय? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अंदाजे २८ लिटर, तो विसर्ग. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, तो साठा. कोयनेत १०५.२५ टीएमसी मावतं. या दोन्हींची अदलाबदल करून बोलणारे मी ऑन एअर ऐकलेत. माणूस टीव्हीपुढं घर सोडायचं की नाही ठरवत बसलेला असतो आणि हा त्याला 'पाहायला मिळतंय' ऐकवतो.

तुझ्याकडं हे जिल्ह्याचं ज्ञान आहे. ते कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही. ऊसदर, द्राक्षबागा, हळदीचे सौदे, म्हैसाळ-टेंभू उपसा योजनांचं पाणी, याच्यावर दोन मिनिटं न अडखळता बोलता येतं का बघ.

एक धोक्याची सूचना. शिकून आल्यावर जिल्ह्यातच स्ट्रिंगर म्हणून राहायचा मोह होईल. बूम मिळतो, गाडीवर 'प्रेस' लागतं, पुढारी नावानं हाक मारतात. पैसे बातमीमागे. मी ज्या वाहिनीला बातम्या द्यायचो तिथं दोनशे रुपये ठरले होते आणि तेही चार-चार महिने यायचे नाहीत. पेट्रोल आपलं. मग पोरं जाहिराती गोळा करायला लागतात, आणि ज्याच्याकडून जाहिरात आणली त्याच्या कारखान्याची बातमी कशी करणार? आधी दोन-तीन वर्षं मुंबईत डेस्कवर काढ. अँकर दिसतो, पण जास्त जागा इनपुटला (बातमी आणणारे) आणि आउटपुटला (ती लिहून पडद्यावर नेणारे) असतात. स्क्रिप्ट, टिकर (पडद्याखालची पट्टी), रनडाऊन (बातम्यांचा क्रम) हे ज्याला येतं तो कधी उपाशी राहत नाही.

बाबूराव निवृत्त

मी म्हणेन मुळीच जाऊ नये. आमच्या शेजारचा मुलगा चॅनेलमध्ये होता, आता विमा विकतो. आईचं ऐका. बी.एड. केलेलं वाया जात नाही.

चहाटळ

बाबूराव, बी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघणारे शेजारी तुम्हाला दिसले नाहीत का कधी?

मिरज जंक्शन

सगळे टीव्हीबद्दलच बोलतायत. तुझ्या वडिलांनी रेडिओ लावला म्हणालीस म्हणून लिहितो. मी आकाशवाणी सांगलीला काही वर्षं नैमित्तिक उद्घोषक होतो. आपलं केंद्र १९६३ चं.

आधी एक गोष्ट पक्की करून घे, कारण मला ती दोन वर्षं उशिरा कळली. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावू शकतात, बस्स. म्हणजे 'मी आरजे होते, मग बातम्यांत जाते' असा जिना नाहीच. रेडिओवर बातमी करायची तर घर एकच, आकाशवाणी. तिथं कायमच्या जागा फार थोड्या निघतात, पण प्रादेशिक वृत्त विभागाला अंशकालीन संपादक, वृत्तनिवेदक-अनुवादक लागतात. लेखी परीक्षा, भाषांतर आणि आवाजाची चाचणी. एकट्या त्यावर घर चालत नाही, पण हात इतका साफ होतो की पुढं कुठंही निभावतं. जिल्ह्यासाठी अंशकालीन वार्ताहरही असतात, त्यांना पीटीसी म्हणतात. टीव्हीवाल्यांची पीटीसी म्हणजे कॅमेऱ्याकडं बघून बोलणं, तो वेगळा प्राणी. मी पहिल्या मुलाखतीत यातच घोळ घातला होता.

सराव फुकट आहे. सकाळी सात दहाच्या पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक बातम्या महिनाभर ऐक. रेकॉर्ड कर, उतरवून काढ, मग तू वाच आणि तुझं त्यांच्याशेजारी ठेवून ऐक. 'चहा'तला च आणि 'चाका'तला च, न आणि ण, आकड्यांवरचा श्वास, सगळं उघडं पडतं. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या हेलाची लाज बाळगू नकोस, पण तो कुठं येतो ते आपल्याला माहीत पाहिजे.

आणि कम्युनिटी रेडिओ विसरू नकोस. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून ९०.४ वर चालू आहे, आणि जत तालुक्यात जालिहाळची येरळावाणी आहे. तिथंही स्वतःच्या बातम्या नाहीत, पण गावात जाऊन बाईला बोलतं करायचं, ते कापायचं, जोडायचं, हे शिकायला याहून चांगली शाळा मी पाहिली नाही. प्रवेश होईपर्यंतचे दोन महिने तिकडं विचारून बघ.

वॉटफर्डचा वाईकर

मी पत्रकार नाही, पण बायकोनं इथं इंग्लंडमध्ये ब्रॉडकास्ट जर्नालिझमचं एम.ए. केलं. खर्चाचं नाव काढू नका, म्हणून 'इकडे ये' म्हणत नाही. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी. हिच्या वेळी इथं बीजेटीसी नावाची परिषद या अभ्यासक्रमांना मान्यता द्यायची आणि तिचा भर 'न्यूज डे'वर असायचा. वर्ग नाही, व्याख्यान नाही. सकाळी बैठक, दिवसभर बातम्या, ठरल्या वेळेला बुलेटिन. अर्धवट झालं तर अर्धवटच जातं. पहिल्या वेळी हिच्या बुलेटिनमध्ये चाळीस सेकंद नुसता काळा पडदा होता, घरी येऊन रडली. बूमवाले दादा 'ठरल्या मिनिटाला काढली का' असं म्हणतात ते हेच.

अमरावती रिटर्न

आयआयएमसीबद्दल. मुख्य संस्था दिल्लीत, १९६५ पासून. अमरावतीला विभागीय केंद्र आहे आणि तिथं मराठी पत्रकारितेचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा होतो, मी तोच केला. रेडिओ-टीव्हीचा वेगळा डिप्लोमा दिल्लीला. त्याला सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि हिंदी-इंग्रजीची तयारी हवी. एक वर्षात आटपतं हा फायदा. तोटा असा की डिप्लोमा तो डिप्लोमा. उद्या नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) द्यायची, प्राध्यापकी करायची तर एम.ए. लागतं. बाबूरावांना आणि तुझ्या आईला हा मुद्दा पटेल.

अवांतर: सांगलीहून अमरावतीपेक्षा मला दिल्लीचा प्रवास सोपा वाटायचा.

दोन मुलींची आई

पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून. माझी थोरली कोल्हापूरला विद्यापीठात आहे (वेगळ्या विषयाला). सरकारी विद्यापीठात फी आवाक्यातली असते, पैसा जातो तो राहण्या-जेवण्यात. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेस लावून, दीड लाखात दोन वर्षं बसवणं कठीण आहे. वसतिगृह मिळालं तरच. कोल्हापूर ५० किलोमीटरच्या आत, एसटीचा पास काढून ये-जा करणाऱ्या मुली आहेत. पण बातमीचं काम संध्याकाळी रंगतं आणि शेवटची गाडी पकडायची घाई असली की तेच हुकतं, तेव्हा तिथंही वसतिगृहच बघा. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ) राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता दोन्ही तपासा. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलला रांग असते.

गावभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. अॅकॅडमीचा नंबर ब्लॉक केला. (लगेच दुसऱ्या नंबरवरून आला.)

परवा कोल्हापूरला जाऊन आले. किल्ली विचारली, शिपाईमामा हसायलाच लागले. काय कळलं ते इथं लिहीत नाही, बूमवाले दादा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पुढच्या आठवड्यात रानडेला जाणार. दोन्हीकडे अर्ज भरते, पुण्याला वसतिगृह मिळालं तर पुणे, नाहीतर कोल्हापूर. सीयूईटी यंदाची गेली. म्हसवडला फोन केला, "ये की, पण इथं उन्हात फिरावं लागतं," म्हणाल्या.

काल संध्याकाळी आयर्विनवर जाऊन मोबाईलवर एक मिनिटाची पीटीसी केली, टीव्हीवाली. भाऊ मोबाईल धरून, मागे नदी. अकरा वेळा केली. एक आजोबा थांबून विचारायला लागले, "काय झालंय? कोण पडलं काय?" लिंक खाली देते. मोकळेपणानं सांगा.

मिरज जंक्शन

आवाज चांगला आहे. वाऱ्यानं निम्मा खाल्लाय, माईकवर कापड गुंडाळ. 'पाणी' तीनदा 'पानी' झालंय.

जुना बूमवाला

फूट सांगितलेस, शाब्बास. पाणी मोजायच्या पट्टीवर स्वतः वाचलेस की पेपरात? 'या ठिकाणी' चार वेळा आलंय. पुलावर उभी आहेस हे दिसतंय. ते चारही काढ आणि परत कर.

गावभागकर

पेपरात. उद्या पहाटे पट्टी बघून परत करते.